थंडी वाजली तरच बोलणारी चिप

हालवार्द ब्रेकस्तादच्या हाताखाली अकरा इंजिनियर होते आणि त्या अकराही जणांचं काम एकच: झोपवणं. मुलांना नव्हे, बिनतारी चिपांना. त्रोन्हाइममध्ये नदीकाठच्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ही मंडळी सकाळी आठला येत, कॉफी पीत, आणि नखाएवढ्या चिपा जास्तीत जास्त गाढ कशा झोपतील याचा विचार करत संध्याकाळी चारपर्यंत टक्क जागी राहत.

माणूस आयुष्याचा तिसरा हिस्सा झोपेत घालवतो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. हालवार्दची चिप आयुष्याच्या हजार भागांपैकी नऊशे नव्व्याण्णव भाग झोपायची आणि लोक तिला गुणी म्हणायचे. डोळा उघडायचा, इकडेतिकडे बघायचं, सांगण्यासारखं काही असेल तर दोन शब्द हवेत सोडायचे आणि पुन्हा डोळा मिटायचा. एवढं सगळं पापणी लवायच्या आत. अशा वागण्यानं नाण्याएवढी बॅटरी तिला दहा वर्षं पुरायची. हालवार्द एकोणीस वर्षं हे काम करत होता आणि त्यात आपला हात धरणारा माणूस उत्तर युरोपात नाही, असं त्याचं नम्र मत होतं.

त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला तूने नावाच्या बाईंचा गट बसायचा. त्यांचं काम चिपा उठवण्याचं. झोपलेली चिप उठताना पहिल्या क्षणी काय करते, कशी अडखळते, किती वीज गिळते, याचा त्या अभ्यास करायच्या. हालवार्दला या गटाचं कधीच कौतुक वाटलं नाही. झोपवायला कौशल्य लागतं; झोप झाली की कुणीही उठतं, त्यात कसला आलाय अभ्यास? हे तो एकदा भर जेवणाच्या टेबलावर बोललाही होता. तूनेबाईंनी शांतपणे आपल्या पावावरच्या चीजकडे पाहिलं होतं.

तर अशा या हालवार्दच्या घरगुती आयुष्यात सप्टेंबरच्या एका रविवारी पाण्याची नळी शिरली.

सासूबाईंकडे जेवण होतं. बोर्गहिल सासूबाई फेब्रुवारीत ऐंशी पूर्ण करणार होत्या आणि वाढदिवस ओपदालजवळच्या डोंगरावरच्या घरी करायचा, असं त्यांनी बटाटे वाढता वाढता जाहीर केलं. ते लाकडी घर त्यांच्या यजमानांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती, पण जमिनीची फळीन् फळी त्यांनी रंधा मारून बसवलेली, म्हणून त्या घरात पाणी सांडलं तरी सगळे धावत फडकं आणायचे. भीती एकच. हिवाळ्यात घर बंद असताना मंद ठेवलेला हीटर बंद पडून थंडी आत शिरली, तर स्वयंपाकघराच्या ओट्याखालची नळी गोठणार, फुटणार आणि सगळ्या फळ्या फुगून वर येणार.

यावर आजवर एक साधा उपाय होता. त्याचं नाव पेदर मूएन. हा रेल्वेतून निवृत्त झालेला, बायको वारलेला शहात्तर वर्षांचा गृहस्थ पलीकडच्या चढावर बाराही महिने राहायचा. दर शनिवारी तो बर्फातून स्कीच्या सरकपट्ट्यांवर यायचा, दार उघडायचा, नळीला हात लावून बघायचा आणि कुलूप लावून परत जायचा. मोबदला म्हणून नाताळला त्याला कॉफीच्या दोन पिशव्या मिळायच्या.

"हे विसाव्या शतकातलं झालं," हालवार्द म्हणाला. "शुक्रवारी नळी फुटली तर शनिवारी पेदरकाका काय बघणार? पूर?" मग त्यानं खिशातून नाण्याएवढी एक वस्तू काढून सासूबाईंच्या टेबलक्लॉथवर ठेवली. ही नळीला चिकटवायची. ती दर तासाला उठेल, नळी किती गार आहे ते बघेल आणि झोपेल. पारा चार अंशांच्या खाली गेला तरच बोलेल. एरवी अक्षर नाही. बडबड केली की बॅटरी संपते. "ती गप्प आहे याचा अर्थ सगळं ठीक आहे."

हालवार्दची बायको गुनहिल, तिचा धाकटा भाऊ स्तेइनार धंद्यानं प्लंबर. नळ्यांच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा असायचा, आणि तो दाजींच्या खिशातून निघालेल्या नाण्यानं मोडला जावा हे त्याला रुचलं नाही.

"दाजी, पेदरकाका चांगलं यंत्र आहे की," तो म्हणाला. "कॉफीवर चालतं. शिवाय नळी फुटली तर पाणी बंद करतं. तुमचं नाणं काय करेल?"

"कळवेल."

"हं. म्हणजे सासऱ्यांचं घर बुडतंय हे तुम्हाला ऑफिसात बसून कळेल."

गुनहिलनं दोघांपुढे भोपळ्याचं लोणचं सरकवलं आणि विषय तिथं थांबवला. सासूबाईंनी ते नाणं उचललं, चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाल्या की बटणासारखं दिसतंय.

हालवार्दनं त्याच रात्री पेदरला पत्र लिहिलं. फोन करता आला असता, पण दीर्घ सेवेनंतर माणसाला मोकळं करायचं तर त्याचा काही रिवाज असतो. आपल्या आठ वर्षांच्या निष्ठावान देखरेखीबद्दल कुटुंब ऋणी आहे, यापुढे हे काम स्वयंचलित पद्धतीनं होणार असल्यानं आपण शनिवारी येण्याची तसदी घेऊ नये, सोबत कॉफी. आणि ताजा कलम असा की, यंत्राचा निरोप पकडणारी एक लहानशी पेटी आपल्याच खिडकीत ठेवू द्याल का, कारण इंटरनेट फक्त आपल्याकडे आहे. गुनहिलनं पत्र वाचलं आणि विचारलं, "माणसाला कामावरून काढायचं आणि त्याच्याकडेच वीज मागायची, हे बरं दिसतं का?" हालवार्द म्हणाला की पेटीला वीज फारच कमी लागते.

पेदरनं एका ओळीचं उत्तर पाठवलं: ठेवा.

ऑक्टोबरच्या सुट्टीत दोघं नवराबायको वर गेले. नाणं नळीला चिकटलं, पेटी पेदरच्या खिडकीत जेरॅनियमच्या कुंडीशेजारी बसली, पण दोघांच्या मध्ये डोंगराचा एक उंचवटा आडवा आला. नाण्याचा आवाज पलीकडे पोचेना. घरावर उंच अँटेना हवा होता, आणि अँटेनाला पालिकेची परवानगी.

पालिकेत आउद नावाच्या बाई फोनवर होत्या. अत्यंत सभ्य बाई. त्यांनी विचारलं, खांब किती उंच? सात मीटर. रंग? अजून ठरला नाही. रंग मंद हवा, डोंगरात मिसळणारा. त्यातून संदेशवहन होणार का? होणार, पण वर्षातून एखाद वेळीच; तेही झालं तर वाईट. बाई म्हणाल्या की क्वचित संदेश देणारा खांब असा रकाना अर्जात नाही. अर्ज समितीपुढे जाईल, त्याआधी दिसण्याच्या टप्प्यातल्या सगळ्या घरमालकांना लेखी सूचना द्यावी लागेल. समिती वसंतात बसते.

"आणि निशाणाची काठी उभारायची असेल तर?" हालवार्दनं सहज विचारलं.

"त्याला आमच्याकडे अर्ज लागत नाही."

अशा रीतीनं नळीच्या काळजीपोटी हालवार्द सात मीटरची निशाणकाठी घेऊन आला. गाडीच्या टपावर ती पुढेमागे इतकी बाहेर आली होती की वळणावर समोरच्या गाड्या आपणहून थांबत. खड्डा खणताना आजूबाजूच्या घरांतली माणसं जमली. सहा जण सल्ला द्यायला आले आणि एकानं कुदळ आणली. तीही सल्ला देताना टेकायला. सर्वांत वरच्या घरात राहणारा ओस्लोचा दंतवैद्य तर उंटावरचा शहाणा निघाला. त्यानं काठी घराच्या उंचीच्या किती पट असावी हे कागदावर काढून दिलं, आणि खडक लागल्यावर मुळापर्यंत गेल्याशिवाय इलाज नाही असं व्यावसायिक मत दिलं. हालवार्द दोन दिवस मुळाशी गेला. तिसऱ्या दिवशी त्याला ताठ उभं राहता येत नव्हतं, पण काठी मात्र उभी राहिली. तिच्या टोकाच्या सोनेरी गोळ्यात त्यानं अँटेना लपवला, गोठवणाऱ्या फवाऱ्यानं नळी मुद्दाम गार केली आणि खिशातला फोन वाजला: थंडी.

हालवार्दला तो शब्द पहिल्या बाळाच्या पहिल्या बोलासारखा गोड वाटला.

काठीची बातमी सासूबाईंना कळली तेव्हा मात्र गैरसमज झाला. त्यांना वाटलं, जावयानं ऐंशीव्या वाढदिवसाची भेट म्हणून काठी उभारली. "आमच्या ह्यांची फार इच्छा होती काठीची," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. आता यात अँटेना आहे हे सांगायला जीभ कुणाची वळणार? हालवार्दनं मान खाली घातली आणि आभार स्वीकारले. स्तेइनारनं टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. फोन गप्प. हालवार्दची कॉलर रोज थोडी ताठ होत गेली. जेवणाच्या टेबलावर तो सहकाऱ्यांना सांगायचा की हिशेबानं बॅटरी दहा नव्हे, चौदा वर्षं जाईल. तूनेबाईंनी एकदाच विचारलं, "थंडीत उठताना बॅटरी किती खाली बसते, बघितलंत?" हालवार्द म्हणाला, वेळ मिळाला की बघू.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वरच्या खोऱ्यात पारा उणे सत्तावीसवर गेला. रेडिओवर तेच, वर्तमानपत्रात तेच. फोन गप्पच. हालवार्द नाश्त्याला म्हणाला, "बघ. सत्तावीस अंश, आणि हूं नाही का चूं नाही. याला म्हणतात सासऱ्यांनी बांधलेली भिंत."

गुनहिल पावाला लोणी लावत होती. "मुलं लहान असताना आतल्या खोलीत एकदम गप्प झाली," ती म्हणाली, "की तू काय म्हणायचास? सगळं ठीक आहे?"

हालवार्दचा हात कपावरच राहिला. मुलं गप्प झाली की तो धावत सुटायचा. एकदा दोघांनी मिळून मांजराला रंग दिला होता.

ऑफिसात पोचताच त्यानं तसंच दुसरं नाणं घेतलं आणि उपाहारगृहाच्या डीप फ्रीजरमध्ये रेनडिअरच्या मांसाखाली ठेवलं. वायर बाहेर काढून मोजायचं यंत्र पावांच्या टोपलीशेजारी मांडलं. उपाहारगृहाच्या बाईंना हे पसंत पडलं नाही. शुक्रवारच्या रश्शाचं ते मांस होतं. त्यांनी वर चिठ्ठी लावली: हे खाऊ नये. नाणं का मांस, ते लिहायचं राहिलं, आणि त्या शुक्रवारी रश्शाला कुणी हात लावला नाही.

पहिल्या दिवशी चिप उठायची, बोलायला जायची आणि आवाज न फुटताच झोपायची. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर जे दिसलं ते पाहून हालवार्द स्टूल ओढून बसला. थंडीनं बॅटरी आखडली होती. चिप उठताना पहिला घोट नेहमीच मोठा घेते. तो घोट या आखडलेल्या बॅटरीला झेपेना. चिपेला भोवळ यायची, ती पडायची. पडली की आपण आत्ताच जन्मलो असं समजून ती पहिल्यापासून उठायला लागायची, पुन्हा मोठा घोट, पुन्हा भोवळ. तासाला एकदा उठणारी चिप आता सेकंदाला कितीतरी वेळा उठत होती आणि पडत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बॅटरी कोरडी झाली.

म्हणजे गार झालं की ओरड, असं जिला सांगितलं होतं, ती गार झालं की मरत होती. आणि मेलेली चिप अगदी सगळं ठीक असल्यासारखी गप्प राहते.

मान वर केली तर शेजारी तूनेबाई ताट घेऊन उभ्या. हालवार्दला त्या क्षणी मांसाखाली जाऊन पडावंसं वाटलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"जोडीला एक छोटी टाकी द्यायची," त्या म्हणाल्या. "वीज साठवणारी. उठतानाचा घोट तिच्यातून घ्यायचा. आणि रोज एकदा तरी 'मी आहे' असं बोलू द्यायचं बिचारीला." टोमणा नाही, हसणं नाही. त्यांनी कोशिंबीर घेतली आणि त्या आपल्या टोकाला गेल्या. हालवार्दला टोमणा परवडला असता.

वाढदिवसाला आठ दिवस उरले होते. घरात ठरलं की आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. त्या तशाही नाताळ झाल्यापासून रोरोसला बालमैत्रिणीकडे विणकामाला गेल्या होत्या. गुनहिलनं उगाच खुशाली विचारायला फोन केला. "इथं अगदी छान ऊब आहे गं," सासूबाई म्हणाल्या. रोरोस हे थंडीसाठी साऱ्या मुलखात नावाजलेलं गाव. पण घरच्यांचं लक्ष नळीत अडकलं होतं, कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

आता पेदरला फोन करणं भाग होतं. ज्याला छापील कागदावर निरोप दिला, त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं की काका, जरा नळीला हात लावून या? हालवार्दनं अर्धा दिवस शब्द जुळवले आणि फोन केला. पेदरच्या घरचा जुना फोन वाजत राहिला. दुपारी पुन्हा केला. संध्याकाळी पुन्हा. उचलेना. आता नळीच्या जोडीला एकट्या म्हाताऱ्या माणसाचीही धास्ती लागली. उणे सत्तावीसमध्ये कुठं पडला तर? ती पेटी आपण त्याच्या खिडकीत ठेवली. त्याची खबर घेणारं मात्र काहीच ठेवलं नाही, असं हालवार्दच्या मनात आलं आणि त्याला जेवण गेलं नाही.

रस्ता खालच्या फाटकापाशीच संपत होता, पुढं नुसतं बर्फ. अवजारं, पंप, नवी नळी असं सगळं वर न्यायचं तर बर्फावर चालणारी स्कूटर हवी, आणि तिलाही परवानगी. फोनवर पुन्हा आउदबाई. त्यांनी आवाज ओळखला आणि निशाणकाठी कशी आहे ते आपुलकीनं विचारलं. अर्जाला तीन आठवडे लागतील, म्हणाल्या. पण तातडी असेल तर परवाना असलेल्या माणसाकडून सामान नेता येतं. "तुमच्या खोऱ्यात असा एकच गृहस्थ आहे. पेदर मूएन. नंबर देऊ का?"

नंबर त्याला पाठ झाला होता.

शनिवारी सकाळी हालवार्द आणि स्तेइनार पाठीवर नळ्या बांधून सरकपट्ट्यांवर निघाले. स्तेइनार प्लंबर असल्यानं त्याचं ओझं नीट बांधलेलं. हालवार्दची नळी दर वळणाला बर्चच्या फांदीत अडकायची आणि त्याला मागं खेचायची. चार किलोमीटरच्या चढात तो तीनदा पाठीवर पडला. तिसऱ्यांदा त्यानं उठायची घाई केली नाही.

"उठताय ना दाजी?" स्तेइनार वरून म्हणाला. "का टाकी देऊ जोडीला?" हालवार्दला मेहुण्याला सगळं सांगितल्याचा पश्चात्ताप झाला.

आधी पेदरकडे जायचं ठरलं होतं. पेदरचं दार बंद, धुराडं थंड, उंबऱ्यावर दोन दिवसांचं, पाऊल न उमटलेलं बर्फ. खिडकीत पेटीचा हिरवा दिवा मात्र इमानदारीनं लुकलुकत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. स्तेइनारची थट्टा तिथं संपली. ते उंचवटा ओलांडून आपल्या घराच्या दिशेनं निघाले आणि माथ्यावर येताच थबकले. खाली त्यांच्या धुराड्यातून धूर निघत होता.

"चोर," स्तेइनार म्हणाला.

"शॉर्टसर्किट," हालवार्द म्हणाला. प्रत्येकाला आपापल्या धंद्यातलं सुचतं. चोर कुणाच्या धंद्यातला, हा प्रश्न त्यानं मनातच ठेवला. दोघं हातातल्या काठ्या भाल्यासारख्या धरून दाराशी गेले. स्तेइनारनं दार ढकललं.

आतून वेलचीचा वास आला. चुलीपाशी पेदर मूएन लोकरीच्या आतल्या कपड्यांत उभा राहून वॅफल भाजत होता. खिडकीतल्या खुर्चीत, पायावर मेंढीचं कातडं घेऊन, रोरोसला गेलेल्या बोर्गहिल सासूबाई विणत बसल्या होत्या.

वॅफलच्या साच्यातून वाफ येत राहिली. अशा वेळी जावयानं कुठं बघावं हे कोणत्याही रीतीरिवाजात सांगितलेलं नाही. हालवार्दनं आपल्यापुरता मार्ग काढला. तो गुडघ्यांवर बसला, ओट्याखालचं दार उघडलं आणि डोकं आत घातलं.

"आई," वरून स्तेइनारचा आवाज आला, "हे काय?"

"वॅफल," सासूबाई म्हणाल्या. "बसा. पाय झाडा आधी."

"तू रोरोसला होतीस."

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं रोरोस. सांगावं तर लागतं काहीतरी."

"ही बाबांची खुर्ची आहे," स्तेइनार म्हणाला, आणि त्याचा आवाज प्लंबरचा राहिला नव्हता, धाकट्या मुलाचा झाला होता.

"म्हणून मी बसलेय तिच्यात. पेदर स्टुलावर बसतो." सुया थांबल्या. "मला सप्टेंबरात यानं फोन केला. जावईबापूंचं पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, बोर्गहिल, माझं काही चुकलं का? इतक्या वर्षांत आम्ही नमस्कारापलीकडे बोललो नव्हतो. त्या दिवशी दोन तास बोललो. मग दर शनिवारी. आता हे तुम्हाला वाढदिवसाला सांगणार होते, तर तुम्ही आधीच आलात."

"आम्हाला आधी सांगायचंस," स्तेइनार म्हणाला.

"कधी? रविवारी जेवायला येता तेव्हा नळीचं बोलणं असतं. ती गार पडली का, हे बघायला दर तासाला कुणीतरी आहे. मला आठवड्यातून एक फोन येतो." त्या रागानं बोलत नव्हत्या, वीण मोजावी तशा बोलत होत्या. "नळीचा हेवा वाटायला लागला होता मला."

स्तेइनारनं पाठीवरची नळी उतरवून भिंतीशी ठेवली आणि तो हळूच बाकावर टेकला. पेदरनं त्याच्यापुढे बशी सरकवली, वर तपकिरी चीज ठेवलं, आणि विचारलं की मुरांबा चालेल का. स्तेइनार म्हणाला, चालेल. त्या एका शब्दानं घरातली अर्धी हवा मोकळी झाली.

तेवढ्यात ओट्याखालून आवाज आला: "चालू आहे!"

हालवार्द मोजायचं यंत्र हातात घेऊन तांबड्यालाल चेहऱ्यानं बाहेर आला. केसांत कोळिष्टकं होती. चिप जिवंत होती. बॅटरी जवळजवळ नवी. दर तासाला उठत होती, नळीला एकवीस अंश ऊब आहे हे बघत होती आणि झोपत होती. ती गप्प होती, कारण खरोखरच सगळं ठीक होतं. त्याच्या एकोणीस वर्षांच्या कामावरचा डाग धुऊन निघाला होता, आणि ही बातमी या क्षणी कुणालाच नको आहे हे त्याला चारही चेहऱ्यांवरून कळलं. चौथा त्याचा स्वतःचा, किटलीत दिसलेला.

तो पेदरसमोर उभा राहिला. "काका," तो म्हणाला, "त्या पत्राबद्दल."

"सुंदर पत्र होतं," पेदर म्हणाला. "रेल्वेनं चाळीस वर्षांनी दिलं, त्यात माझं नावसुद्धा चुकलं होतं."

"फोन उचलला नाहीत तेव्हा वाटलं, तुम्ही कुठं पडलात की काय."

पेदर साचा उघडता उघडता थांबला. त्यानं हालवार्दकडे नीट पाहिलं, आणि सगळ्यांत मोठं, कडा कुरकुरीत झालेलं वॅफल काढून त्याच्या बशीत ठेवलं.

सोमवारी हालवार्द ऑफिसात मजल्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. पहिल्यांदाच. तूनेबाईंच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून तो म्हणाला की उठण्याबद्दल मला काही येत नाही, शिकवा. त्या आठवड्यात त्यानं तीन दिवस तिथं काढले आणि नव्या नाण्याला टाकी बसवली. उपाहारगृहाच्या बाईंनी फ्रीजर मात्र दिला नाही. प्रयोग गच्चीवर करावा लागला.

वाढदिवसाला डोंगरावर चोवीस माणसं जमली. पेदरनं परवान्यानिशी सगळ्यांचं सामान वर आणलं. पाणी नळातून खळखळ आलं. दंतवैद्यही आला आणि काठी अजून अर्धा मीटर उंच चालली असती असं म्हणाला. सायीचा केक कापून झाल्यावर सासूबाई पेला हातात घेऊन उभ्या राहिल्या. स्तेइनार आईच्या शेजारी होता. बोलताना तिचा तोल जाऊ नये म्हणून त्यानं खुर्ची धरली होती.

सासूबाईंनी यजमानांची आठवण काढली, फळ्यांची काढली. मग म्हणाल्या, "आणि आता माझ्या जावयाचे आभार. त्यांनी पेदरला पत्र लिहून कामावरून काढलं. म्हटलं, इतका चांगला माणूस मोकळा झालाय, तर दुसऱ्या कुणी नेण्याआधी आपणच ठेवून घ्यावा."

घरभर हशा झाला. पेदर कानापर्यंत लाल झाला. टाळ्या सुरू झाल्या आणि सगळ्यांच्या माना हालवार्दकडे वळल्या. हा सत्कार आहे का चिमटा, हे त्याला नक्की कळेना. गुनहिलच्या तोंडाकडे बघूनही कळेना. पण टाळ्या वाजत असताना बसून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो उठला, स्वेटर खाली ओढून सारखा केला आणि सगळ्यांना लवून नमस्कार केला.